चादरीखालची सोळा चित्रं

आमच्या घरात एक नियम आहे. प्रमुख पाहुणे आल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. आणि त्या नियमावर आणखी एक नियम आहे. 'का?' म्हणून विचारायचं नाही.

हसू नका. माझ्या चुलत भावाच्या पहिल्या वाढदिवसाला केक पाच तास टेबलावर उभा होता, कारण तात्यांचे कुणी साहेब यायचे होते. मे महिना, सोलापूर! साहेब आले तेव्हा केक उभा नव्हता, पसरला होता. पोरगं झोपलेलं. त्याला उठवलं, रडवलं आणि केक चमच्यानं कापला. फोटोत साहेब तेवढे हसतायत.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. नोकरी संपली, पण आमच्याकडे अजून अर्ज केल्याशिवाय पंखा लागत नाही. आता ते एका कला मंडळाचे अध्यक्ष आहेत. त्यांना कलेतलं काही कळतं असा आरोप त्यांच्यावर कुणी केलेला नाही.

या नियमापायी मी जी माती खाल्ली, ती आज सांगून टाकते. ऐकताना तुम्हाला तात्यांचा राग येईल. येऊ द्या, पण सगळा त्यांच्यावर संपवू नका. थोडा शिल्लक ठेवा, पुढे लागेल.

तर, शाळेत मला चित्रकला शिकवणारे इरण्णा सर. शाळेत लागायच्या आधी ते चादरीच्या कारखान्यात आलेखाच्या कागदावर मोर आणि गुलाब काढायचे, चौकटीत एकेक ठिपका भरून. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांना रद्दीच्या दुकानात कवितांचं एक बारकं पुस्तक सापडलं. कव्हर फाटलेलं. आत नाव फक्त 'भागीरथी, मंद्रूप'. ना फोटो, ना पत्ता. विहिरीची कविता, तव्यावर भाजलेल्या बोटांची कविता, बाजारात विकला जाताना मागं वळून न बघणाऱ्या बैलाची कविता.

सर त्या पुस्तकानं झपाटले. सात वर्षांत त्यांनी त्या कवितांवरून सोळा चित्रं काढली. मी एम.ए. मराठी, त्यामुळे सर मला प्रत्येक चित्र दाखवायचे आणि मी प्रत्येक चित्रावर बोलायचे. सरांनी कधी विचारलं नव्हतं, तरी बोलायचे.

मग एकदा सर मंद्रूप गावात कुणाकुणाला विचारत हिंडले आणि बाई हयात असल्याचं कळलं. भेट झाली नाही, त्या लेकीकडे गेल्या होत्या. त्यांच्या पुतण्याजवळ निरोप ठेवला, प्रदर्शनाची तारीख कळवली. उलट निरोप आला, "येते म्हणाल्यात."

त्या दिवशी सर मला म्हणाले, "शुभांगी, बाकी कुणी नाही आलं तरी चालेल. त्यांनी बघावं. बघून 'हे माझं न्हाय' म्हणाल्या तरी चालेल. पण बघावं."

आणि बजावून म्हणाले, "सकाळीच ठेवायचं हां. उजेडात."

मला वाटलं, चित्रकार आहेत, रंगांना नैसर्गिक उजेड लागत असेल. बघा, माझं ज्ञान किती!

प्रदर्शनासाठी तात्यांच्या मंडळानं हॉल दिला, नवी पेठेच्या मागच्या गल्लीतला. तात्या त्याला कलादालन म्हणतात. उरलेलं सोलापूर त्याला सेलचा हॉल म्हणतं, कारण वर्षातले दहा महिने तिथं चादरी आणि टॉवेलांचा सेल असतो. सकाळी अकराची वेळ ठरली. हॉलबरोबर तात्यांचा नियमही आला. प्रमुख पाहुणे, म्हणजे तात्यांच्या ओळखीतले एक पुढारी साहेब, येईपर्यंत चित्रं झाकलेली पाहिजेत.

"कशानं झाकायची तात्या? पडदे नाहीत."

"पडदे कशाला? आपल्या गावची शान काय आहे?" म्हणाले आणि एका दुकानदार मित्राकडून सोळा कोऱ्या सोलापुरी चादरी घेऊन आले.

आता डोळ्यांपुढे आणा. सेलचा हॉल. चारी भिंतींवर ताणून लावलेल्या सोळा नव्या चादरी. मोर, कमळ, ताजमहाल. दार सताड उघडं आणि बाहेर नवी पेठेतली खरेदीची गर्दी. कोण म्हणेल हे चित्रांचं प्रदर्शन आहे?

त्यात तात्यांनी साडेनऊलाच सरांना विश्रामगृहावर नेलं. "पाहुण्यांचं स्वागत कलावंतानं नको करायला?" ज्याचं प्रदर्शन तोच माणूस गायब! हॉलवर मी एकटी. जाताना तात्या दारातून ओरडले, "शुभे, साहेब येईपर्यंत एक चादर हलता कामा नये. कुणी का असेना!"

मीही 'का' विचारलं नाही. भांडखोर म्हणून अख्ख्या गल्लीत माझं नाव आहे, पण त्या दिवशी नेमकी मी गुणी मुलगी झाले.

दहा वाजल्यापासून लोक सुरू झाले.

"ताई, डबल कितीला?"

"काका, हा सेल नाही. चित्रप्रदर्शन आहे."

"हां हां. पण डबल कितीला?"

एक बाई तर चादरीचं टोक चुरगाळून, नाकाला लावून म्हणाली, "रंग जाईल वाटतं." तिच्या मागच्या माणसानं विचारलं, "बाजी, सिंगल में कुछ है क्या?" मी म्हटलं, "चाचा, चादर नहीं, पेंटिंग है." तो म्हणाला, "हौ, पेंटिंग अच्छी है. मोर मस्त है. कित्ते का?"

अकरा वाजेपर्यंत माझा घसा बसला होता आणि माणसांवरचा विश्वास उडाला होता. तेवढ्यात एक म्हातारी आली. नऊवारी इरकली, पायांत रबरी चपला, हातात कापडी पिशवी. दारात थांबली, आत बघितलं आणि सरळ पहिल्या चादरीपाशी जाऊन तिचं टोक धरलं.

"आजी! हात लावू नका. विकायच्या नाहीत चादरी!"

"चादर नको गं. खालचं बघायचं हाय."

आता इथं कुणाच्याही डोक्यात उजेड पडला असता. सकाळपासून 'खाली काहीतरी आहे' हे ठाऊक असलेलं ते पहिलं माणूस होतं. पण मी काय म्हणाले?

"खालचं पाहुणे आल्यावर."

"कवा येणार पावणं?"

"येतील."

"मास्तरनं मला बोलवलंय."

"सरांनी सगळ्या सोलापूरला बोलावलंय, आजी. बसा तिकडं."

"बसते की. पर उजेड हाय तवर बघू दे, बाय."

"ट्यूबलाइट आहेत."

बसली बिचारी. तेवढ्यात सरांचा फोन. "शुभांगी, बाई आल्या का?"

मी हॉलभर नजर टाकली. "नाही सर. चादरीवाले सोडले तर कुणी नाही."

तुम्ही ओळखलंत ना? शाबास. तुम्ही एम.ए. मराठी नसणार.

माझ्या डोक्यातली कवयित्री वेगळी होती हो! हातमागाची साडी, मोठं कुंकू, खांद्याला झोळी, गळ्यात चांदीचं काहीतरी. गाडीतून उतरणार, "काय गोड मुलगी आहेस" म्हणणार, आणि मग आम्ही दोघी प्रतिमांवर बोलणार. अशी माझी जय्यत तयारी होती.

बारा वाजता तात्यांचा फोन. साहेब वाटेत वैराग गावात एका दुकानाच्या उद्घाटनाला थांबलेत. एक वाजता पुन्हा फोन. त्याच दुकानदाराकडे जेवायला बसलेत. इकडे गिऱ्हाइकं वाढत चाललेली. मी वैतागून म्हातारीला म्हटलं, "आजी, बसलाच आहात तर दारात स्टुलावर बसा ना. येणाऱ्याला सांगा, सेल नाही म्हणून."

होय. मी तिला दारावर बसवलं. ऐकायला वाईट वाटतंय? मला सांगतानाही वाटतंय.

आणि ते काम तिनं माझ्यापेक्षा चांगलं केलं. एक जण आला, "मावशी, चादरी हायत का?"

"चादरी न्हाईत बाबा. चित्रं हायती. पर ती बी आज न्हाईत."

"मग काय हाय?"

"मी हाय की!"

तो हसत निघून गेला. दुपारी तिनं पिशवीतून भाकरी आणि शेंगांची चटणी काढली. माझा डबा घरी राहिला होता. "ये, खा," म्हणाली. भाकरी तिची, चटणी तिची, खाणारी मी. खाताखाता तिनं विचारलं, "नाव काय गं तुजं?" मी सांगितलं. तिचं मी विचारलं नाही.

"खाली काय काय काढलंय मास्तरनं?"

"एका बाईंच्या कविता आहेत, आजी. त्यांच्यावरून काढलंय."

"चांगल्या हायत व्हय?"

"फार मोठ्या आहेत. पण तुम्हाला कळायच्या नाहीत, जरा अवघड आहेत. आता विहिरीची कविताच घ्या..." आणि मी सुरू झाले. तोंडात तिचीच भाकरी! "ती विहीर म्हणजे नुसती विहीर नाही. ते बाईचं दडपलेलं मन आहे. तळाचं पाणी म्हणजे न बोललेले शब्द. रहाट म्हणजे..."

तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला वाटलं, हीरच हाय."

"तेच सांगतेय ना! वरवर वाचलं की तसंच वाटतं."

"आमची हीर होती तसली. पानी लई ग्वाड."

"आजी, जाऊ द्या," मी हात धुवायला उठले. "नाही कळायचं तुम्हाला."

ती उठली. पदरानं तोंड पुसून पुन्हा स्टुलावर जाऊन बसली.

तीनच्या सुमारास एक गाडी थांबली. आणि उतरलं कोण? हातमागाची साडी, मोठं कुंकू, खांद्याला झोळी, गळ्यात चांदीचं काहीतरी! मी धावलेच. "या, या! तुमचीच वाट बघत होते!"

"हो का?" बाई खूश. "काय गोड मुलगी आहेस!"

संपलं! आता पुरावा कशाला हवा? मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, चहा मागवला, पंखा त्यांच्याकडे वळवला. सरांना फोन लावला, "सर, आल्या!" पलीकडून सर म्हणाले, "आल्या? त्यांना... त्यांना दाखव गं लगेच. उजेड आहे तोवर दाखव. तात्यांचं मी बघतो."

मग मी नियम मोडला. ज्या नियमापायी सकाळपासून सगळ्यांवर खेकसत होते, तो. विहिरीच्या चित्रावरची चादर मी दोन्ही हातांनी, नाटकातला पडदा उघडावा तशी, वर उचलली.

बाईंनी बघितलं. "अय्या, खाली पेंटिंग पण आहे! छान हं. बाळा, ती चादर सोड ना जरा, मला काठ बघायचाय. माझं लॉज आहे तुळजापूर रोडला. चाळीस सिंगल लागतील. पक्क्या रंगात."

माझ्या हातातून चादर सुटली. चित्र झाकलं गेलं.

त्यांना वाटेला लावून मागं वळते तर म्हातारी स्टुलावरून उठून उभी. तेवढ्या लांबून तिला काही दिसलं नसणार, पण काय चाललंय ते कळलं होतं.

"त्यास्नी दावलंस व्हय?"

लाज वाटली की मी जास्त फाडफाड बोलते, हा माझा जुना रोग. "त्यांचं वेगळं होतं!"

"आन् माजं?"

"आजी, तुम्ही बसा हो. पाहुणे आले की दाखवते म्हटलं ना! एकाला दाखवलं की सगळ्यांना दाखवावं लागतं."

बसली. मी सरांना कळवलं, त्या नव्हत्याच म्हणून. सर "बरं" म्हणाले. इतकं बारीक "बरं" मी कधी ऐकलं नव्हतं.

साडेपाच वाजता उन्हं दारातून सरकत गल्लीच्या पलीकडच्या भिंतीवर गेली. म्हातारी उठली, पिशवी घेतली. "जाते बाय. आता उघडलं तरी मला काय दिसायचं न्हाय. एका डोळ्यात फूल पडलंय, दुसऱ्याला उन्हं कलली की अंधार."

"अहो, येतीलच आता ते."

"येऊ देत. तू ये की एकदा गावाकडं. हीर दावते तुला. निम्मी बुजलीय, पर हाय."

"हो हो," मी म्हटलं. माझा फोन वाजत होता. तात्या! साहेब शहरात शिरले, हारांवर पाणी मारून ठेव. टेबलावर अभिप्रायाची कोरी वही होती, म्हातारीनं ती जवळ ओढली. "ह्यात लिवू?" मी फोन कानाला लावूनच मान हलवली. तिनं डोळे वहीला टेकवून बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि गेली. कुठं गेली, कशानं गेली, मी बघितलंही नाही. हारांवर पाणी मारत होते ना!

पावणेसातला साहेब आले. मागे तात्या, मंडळाचे चार म्हातारे पदाधिकारी, आणि सगळ्यांच्या मागे इरण्णा सर, सकाळपासून विश्रामगृहाच्या बाकावर बसून चुरगाळलेल्या सदऱ्यात. नारळ फुटला. चादरी निघाल्या. साहेबांनी सोळा चित्रं बघायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात माझा बूटही बांधून होत नाही. "वा! मोठं काम आहे," म्हणाले. टाळ्या.

"साहेब, आपला अभिप्राय," तात्या वही घेऊन पुढे झाले. "पहिल्या पानावर."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, वही उघडली आणि थांबले. पहिलं पान लिहिलेलं! आणि साहेब मोठ्यानं वाचायला लागले. माणसाला मोठ्यानं वाचायची सवय कशाला असावी?

"चादरी चांगल्या आहेत. खालचं दिसलं नाही. दारावरच्या मुलीनं विहिरीचा अर्थ समजावून सांगितला. मला ठाऊक नव्हता. भागीरथी, मंद्रूप."

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. माझ्या पायाखाली काय काय सरकलं ते सांगत बसत नाही. मी सरांकडे बघितलं. सर पुढे आले, वहीवर वाकले, ते वेडंवाकडं अक्षर बोटानं चाचपत म्हणाले, "आल्या होत्या?"

"अकराला," मी म्हटलं.

"किती वाजेपर्यंत होत्या?"

"साडेपाच."

"कुठं बसल्या होत्या?"

हे मला सांगता येईना. मी दाराकडे बघितलं. तिथं स्टूल होतं. सरांनीही बघितलं. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर आज हा किस्सा सांगायला मला इतका जड गेला नसता. गळ्यातला हार काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि स्कूटरची किल्ली शोधत बाहेर पडले. प्रमुख पाहुण्यांकडे पाठ करून!

"अहो सर! अहो, साहेब उभे आहेत!" तात्या कासावीस. मग माझ्याकडे वळून, दात ओठ खात, हळू आवाजात, "शुभे, फाड ते पान."

"काय?"

"पहिलं पान साहेबांचं असतं. फाड म्हणतो ना!"

"तात्या, ही त्या कवयित्रींची सही आहे."

"असू दे. वहीच्या शेवटी चिकटवू. आता फाड."

साहेबांचं पेन हवेत. पदाधिकाऱ्यांपैकी एक म्हणाले, "पोरी, मोठ्यांचं ऐकावं. कार्यक्रमाची शोभा जाते." दुसरे म्हणाले, "आणि माइकवर सांग, कवयित्री प्रकृतीमुळे येऊ शकल्या नाहीत. म्हणजे मिटलं."

मी वही साहेबांच्या हातातून घेतली. हिसकावली म्हणा हवं तर.

"नाही फाडणार. आणि माइकवर खोटंही सांगणार नाही."

"शुभांगी!" तात्या पूर्ण नावानं ओरडले की प्रकरण गंभीर असतं.

"नाही म्हणजे नाही! उजेड होता तोवर त्यांना बघायचं होतं, तात्या. साडेसहा तास बसल्या होत्या. साहेबांना लिहायचं असेल तर याच्या खाली जागा आहे."

मला वाटलं, आता तात्या थोबाडीत देतील. पण साहेब पडले पुढारी, वातावरण हलकं करायची सवय. हसत म्हणाले, "अरे, राहू दे, राहू दे! चुका होतात. पण ही दारावरची विद्वान मुलगी कोण, ते तरी कळू दे. तिला जरा समज द्या."

तात्यांनी पंख्याकडे बघितलं. एकानं धोतराचा सोगा सावरला. एक चष्मा पुसायला लागले. पुतणीचं नाव सांगणार कोण?

"मी," मी म्हटलं. "त्यांना दारावर बसवलं मी. त्यांची भाकरी खाल्ली मी. त्यांना त्यांचीच कविता समजावली मी. नियम तात्यांचा होता, पण लॉजवाल्या बाईसाठी तो मोडला, तोही मीच."

तात्या गप्प. साहेब गप्प. चारही पदाधिकारी गप्प. वडीलधाऱ्यांना एका वाक्यात निरुत्तर करावं म्हणून आयुष्यभर मी काय काय मुद्दे पाठ केले होते! स्त्रीमुक्ती, राज्यघटना, सगळं. त्यातला एकही लागला नाही. माझा गाढवपणा तेवढा पुरला.